कठीण लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून घरोपयोगी छोट्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील जुन्या पेठांमध्ये एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा मोठ्या तुळया आणि खांब लगेच विकले जातात, पण हातभर लांबीचे तुकडे पोत्यांत भरून जळणाला जातात. दारे-खिडक्या करणाऱ्या सुतारांच्या दुकानांमागेही सागवानाचे आणि शिसवाचे असेच ढीग साचतात. पन्नास-साठ वर्षे वाढलेल्या झाडाचे लाकूड पाणी तापवण्यासाठी जळताना पाहून मला मनापासून वाईट वाटते. गेली काही वर्षे मी असे तुकडे गोळा करून त्यांच्या वस्तू करतो. त्या पाहायला येणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

कठीण लाकूड नेमके कशाला म्हणायचे?

वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला कठीण लाकूड म्हणतात, आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला मऊ लाकूड म्हणतात. ही विभागणी झाडाच्या कुळावरून केलेली असल्यामुळे प्रत्येक कठीण लाकूड हाताला टणक लागेलच असे नाही; बोटांनी दाबले तरी चेपणारे बाल्सा याच गटात मोडते. वस्तू करणाऱ्याने वजन आणि नख (दाबल्यावर ते लाकडात रुतते का) या दोन कसोट्या लावाव्यात. सागवानाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो आणि शिसवाचे ८३० किलोच्या आसपास असते, त्यामुळे सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत धरले की फरक लगेच कळतो. बाभूळ, चिंच, खैर आणि बोर ही आपल्या कोरडवाहू भागातील लाकडे चांगलीच टणक आहेत. आंब्याचे लाकूड त्यामानाने हलके असते आणि हत्याराला सोपे जाते.

सोलापुरात असे तुकडे कोठे मिळतील?

सर्वांत सोपी जागा म्हणजे ओळखीच्या सुताराचे दुकान. आठवड्याच्या शेवटी जाऊन विचारावे आणि जळणाच्या भावाने वजनावर पैसे द्यावेत. फुकट मागू नये, म्हणजे पुढच्या वेळी तो माणूस स्वतःच चांगले तुकडे बाजूला काढून ठेवतो. जुने लाकूड विकणाऱ्यांकडे चौकटींचे आणि कडीपाटाचे तुकडे असतात. शहराच्या आसपासच्या शेतांत वादळाने पडलेल्या बाभळीच्या आणि चिंचेच्या फांद्या मिळतात, परंतु मालकाला विचारल्याशिवाय त्या उचलू नयेत, आणि उभे झाड तोडण्यासाठी कायद्याने परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे. बंद पडलेल्या मागांचे लाकडी धोटे (विणताना आडवा धागा नेणारे) कधीकधी भंगारात दिसतात. त्यांचे लाकूड अतिशय घट्ट आणि गुळगुळीत असते, पण असा धोटा कापावा असे मला वाटत नाही. तो आहे तसाच जपून ठेवण्यासारखा आहे.

कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटच्या (माल रचण्याच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या घेताना त्यांवरचा शिक्का वाचावा. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर ‘एचटी’ असे लिहिलेले असेल, तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले लाकूड, ते घरात आणू नये.

हातात आलेल्या तुकड्याचे काय करायचे, हे कसे ठरवावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण येथेच उलट दिशेने सुरुवात करतात. आधी मनात वस्तू ठरवून तिच्यासाठी तुकडा शोधण्याऐवजी तुकडा हातात घेऊन त्याचे रेषे पाहावेत आणि वस्तू त्यावरून ठरवावी. लाकूड रेष्यांच्या दिशेने ताण सहन करते आणि त्याच दिशेने सहज चिरते. म्हणून ज्या वस्तूचा एखादा भाग बारीक असेल, त्या भागाच्या लांबीच्या दिशेनेच रेषे गेले पाहिजेत. चमच्याचा दांडा, कंगव्याचे दात, भिंतीवरची खुंटी आणि हातोडीचा दांडा या सर्वांना हाच नियम लागू होतो. रेषे तिरपे गेलेल्या तुकड्याचा चमचा कितीही सुबक झाला, तरी एक दिवस तो मानेपाशी मोडतो.

तुकडा ओला करून पाहिला तर रेषे स्पष्ट दिसतात. ते सरळ आणि लांब असतील, तर उलथणे, लाटणे किंवा पटाशीची मूठ करावी. वेडेवाकडे, गुंतलेले असतील, तर बारीक दांड्याची वस्तू टाळून पेपरवेट, दाराची पाचर, मोबाईल टेकवण्याचा ठोकळा किंवा भोवरा असा भरीव प्रकार निवडावा. गाठ आली असेल तर ती वस्तूच्या मधोमध आणि जाड भागात येईल असे आखावे. कडेला आलेली गाठ निखळते. तुकड्याच्या टोकाला बारीक तडे असतील, तर ते संपतात तेथून आणखी १ ते २ सेंटिमीटर आत कापावे, कारण डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तडा नेहमीच खोल गेलेला असतो.

एक उदाहरण देतो. सोलापुरात गणवेश आणि तयार कपडे शिवणारे पुष्कळ कारागीर आहेत. शिवण उलगडून तिच्यावर वाफेची इस्त्री फिरवल्यावर लगेच एक जड, गुळगुळीत ठोकळा काही क्षण दाबून धरला, तर लाकूड वाफ आणि उष्णता शोषून घेते आणि शिवण धारदार बसते. हा ठोकळा साधारण २५ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड असावा, बाजूंना बोटे अडकवण्यासाठी खोबण असावी, आणि त्याला तेल किंवा पॉलिश अजिबात लावू नये. सागवान आणि शिसव वाफेने ओले झाल्यावर पांढऱ्या कापडावर रंग उतरवू शकतात, म्हणून येथे चिंचेचे फिकट लाकूड योग्य ठरते. दुसऱ्या कशासाठी चिंचेचा जाड, ठेंगणा ठोकळा उपयोगी पडला नसता. या कामाला तो नेमका बसतो.

वाड्याच्या जुन्या तुळईच्या लाकडापासून चमचे किंवा पोळपाट करावेत का?

करू नयेत. जुने सागवान दिसायला कितीही सुंदर असले, तरी त्यावर पूर्वी काय लावले होते हे कोणालाच माहीत नसते. भिंतीत गेलेल्या टोकांना वाळवी लागू नये म्हणून डांबर फासण्याची पद्धत होती, काही ठिकाणी कीटकनाशके मारलेली असतात, आणि जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण बरेच असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असलेले लाकूड कोरडे घासूच नये, कारण ती धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक असते. असा रंग पाणी मारून, ओला ठेवून खरवडावा आणि खरवड पिशवीत बांधून टाकावी.

अशा लाकडाच्या किल्ल्या अडकवण्याच्या पट्ट्या, कपड्यांच्या खुंट्या, फोटोच्या चौकटी आणि कागद ठेवण्याच्या पेट्या कराव्यात. माझ्या दाराशी असलेली किल्ल्यांची पट्टी साखर पेठेतील एका वाड्याच्या तुळईची आहे. तिच्यात एक चौकोनी भोक आहे, जेथे कधीकाळी हाताने घडवलेला खिळा होता, आणि त्याभोवती निळसर काळे वर्तुळ उमटलेले आहे. लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने पडलेला तो डाग रंध्याने निघाला असता, पण मी तेवढी जागा मुद्दाम तशीच ठेवली. रंधा पहिल्यांदा फिरवला तेव्हा इतक्या वर्षांनंतरही सागवानाचा तो चामड्यासारखा तेलकट वास खोलीभर पसरला होता.

जुने लाकूड कापण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. आत मोडलेला एक खिळा करवतीचे दात आणि रंध्याचे पाते दोन्ही बिघडवतो.

सुरुवातीला कोणती हत्यारे लागतात?

बारीक दातांची करवत, १२ मिलिमीटरची पटाशी, छोटा रंधा, गुण्या, लाकडाची अर्धगोल कानस, दोन शिकंजे आणि धार लावण्याचा दगड एवढ्यावर बरेच काम होते. यात दगडाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. सागवानात सिलिका (वाळूतला कठीण घटक) असते आणि ती पात्याची धार लवकर घालवते, म्हणून काम करताना अधूनमधून थांबून धार लावावी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटले की हाताला लागते.

छोटे तुकडे यंत्राच्या करवतीवर कापले तर चालतील का?

हातापेक्षा लहान तुकडा फिरत्या पात्याजवळ नेऊ नये. तो पात्यात अडकून वेगाने मागे उडतो आणि बोटे पुढे ओढली जातात. यावर जुन्या कारागिरांची रीत उत्तम आहे: वस्तू लांब पट्टीच्या टोकाला असतानाच तिला आकार द्यावा, भोके पाडावीत, कडा गोल कराव्यात, आणि ती पट्टीपासून अगदी शेवटी वेगळी करावी. तुकडा मुळातच लहान असेल, तर तो शिकंज्यात आवळून हातकरवतीनेच कापावा.

चमचा करण्याची रीत थोडक्यात सांगाल का?

शेंगांच्या चटणीच्या बरणीत ठेवायचा चमचा हा पहिल्या प्रयत्नासाठी चांगला नमुना आहे, कारण तो कोरड्या पदार्थात राहतो आणि लहान असल्यामुळे एका दुपारी पुरा होतो. आंब्याचा किंवा चिंचेचा, ओळखीच्या ठिकाणाहून आणलेला, १५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड तुकडा घ्यावा. कण्हेरीचे लाकूड विषारी असते, त्यामुळे झाडाची खात्री नसलेला तुकडा खाण्याच्या वस्तूसाठी कधीही वापरू नये.

आकार पेन्सिलीने आखल्यानंतर बाहेरची रेघ कापण्याची घाई न करता आधी खोलगट भाग कोरावा. तुकडा चौकोनी असतो तोवर तो शिकंज्यात घट्ट बसतो. एकदा तो चमच्याच्या आकाराचा झाला की धरायला जागाच राहत नाही. गोल पटाशीने दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावे. एकाच दिशेने सरळ ओढत गेल्यास उताराच्या दुसऱ्या बाजूला पाते रेष्यांत घुसते आणि मोठी ढलपी निघून येते. कडेची जाडी ३ ते ४ मिलिमीटर राहिली की थांबावे. त्यानंतर बाहेरचा आकार करवतीने आणि कानशीने काढावा.

घासताना ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून १२०, १८० आणि २२० असे क्रमाने जावे. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. २२० झाल्यावर चमचा पाण्याने ओला करून रात्रभर वाळू द्यावा. दबलेले तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तो ३२० नंबरने हलक्या हाताने घासला की पुढे धुतल्यावर चमचा पुन्हा खरखरीत होत नाही. ही पायरी पुष्कळ जण सोडतात.

उन्हाळ्यात केलेल्या वस्तू पावसाळ्यात का अडकतात, आणि तडे का जातात?

लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे सतत फुगते आणि आकसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडातील पाणी ६ टक्क्यांजवळ स्थिरावते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच १५ ते १६ टक्के होते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते, त्यामुळे त्या दिवसांत लाकूड सर्वांत आकसलेले असते. मी स्वतः एका मे महिन्यात सरकत्या झाकणाची पेटी केली आणि झाकण खाचेत अगदी नेमके बसवले याचा मला फार आनंद झाला. ऑगस्टमध्ये ते झाकण असे अडकले की ओढताना खाचेची कड तुटली. सागवानाच्या ८ सेंटिमीटर रुंदीच्या झाकणात दोन ऋतूंमध्ये १ मिलिमीटर किंवा थोडा अधिक फरक पडतो, आणि तेवढी जागा मी सोडलेलीच नव्हती. आता उन्हाळ्यात झाकण मुद्दाम सैल ठेवतो आणि पावसाळ्यात घट्ट बसवतो.

लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ नसतोच. तो सारा रुंदीत असतो. म्हणून आडव्या-उभ्या रेष्यांचे दोन रुंद तुकडे एकमेकांवर पूर्ण चिकटवू नयेत, कारण एक हलतो आणि दुसरा त्याला अडवतो, त्यामुळे सांधा सुटतो किंवा फळी फाटते.

तडे बहुधा टोकांकडून सुरू होतात, कारण तेथून पाणी फार वेगाने उडून जाते. ओल्या फांदीचे तुकडे आणले की त्याच दिवशी दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा जुना रंग लावावा आणि तुकडे सावलीत, हवा खेळेल असे रचावेत. गच्चीवरच्या उन्हात लाकूड लवकर वाळते ही समजूत महागात पडते. साधारण १ इंच जाडीला १ वर्ष, हा हवेत वाळवण्याचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे.

सागवानाचे सांधे फेविकॉलने चिकटवले तरी सुटतात. काय चुकते?

सागवानाचे नैसर्गिक तेल पृष्ठभागावर येते आणि गोंदाला धरू देत नाही. चिकटवण्याच्या थोडे आधी रंधा फिरवून ताजा पृष्ठभाग काढावा, थिनर लावलेल्या फडक्याने पुसावा आणि तो उडून गेला की लगेच गोंद लावावा. उन्हाळ्याच्या दुपारी गोंदावर फार लवकर साय धरते, म्हणून हे काम सकाळी उरकावे. शिकंजे कमी पडत असतील, तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून गुंडाळाव्यात. वेड्यावाकड्या आकाराला त्या शिकंज्यापेक्षाही चांगला दाब देतात.

स्क्रू वापरायचा असेल, तर आधी भोक पाडलेच पाहिजे, नाहीतर टणक लाकूड चिरते. बाभूळ आणि सागवान यांत लोखंडी स्क्रूचा काळा डाग पडतो, म्हणून पितळी घ्यावेत. पितळ मऊ असल्यामुळे त्याचे डोके तुटते. त्यावर उपाय असा की त्याच मापाचा पोलादी स्क्रू साबण लावून एकदा पूर्ण बसवावा, काढावा, आणि मग त्या जागी पितळी स्क्रू फिरवावा.

वस्तूंना कोणते तेल लावावे?

खाण्याशी संबंध नसलेल्या वस्तूंना जवसाचे तेल उत्तम. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून ते चमच्यांना लावू नये. चमचे आणि पोळपाट यांसाठी औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन कोमट करून चोळावे आणि त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. घरातले शेंगतेल वापरण्याचा मोह टाळावा; ते कधीच वाळत नाही आणि काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो. करडईचे तेल आपल्या जिल्ह्यात सहज मिळते आणि ते वाळणाऱ्या तेलांकडे झुकणारे आहे, पण त्याला इतका वेळ लागतो की मी ते फक्त हत्यारांच्या मुठींना लावतो.

येथे एक धोका ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकली, तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. अशी फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

लाकडाचा भुसा अपायकारक असतो का?

होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सागवानाच्या आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि डोळे चुरचुरतात. घासण्याचे काम उघड्यावर करावे आणि एन-९५ मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. शक्य तेथे पॉलिश पेपरऐवजी धारदार रंधा वापरावा, म्हणजे धुळीऐवजी ढलप्या पडतात.

तयार वस्तूतून पिठासारखी पांढरी भुकटी पडते. ती कशाची?

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांची ती खूण आहे. त्यांना झाडाच्या बाहेरच्या, फिकट भागातील स्टार्च हवा असतो. आतल्या गडद गाभ्याला त्या सहसा शिवत नाहीत. त्यामुळे तुकडा निवडतानाच आंबा, बाभूळ अशा लाकडांचा फिकट भाग शंकास्पद वाटला, तर तो काढून टाकावा. लहान तुकडा आकार देण्यापूर्वी पाण्यात उकळून घेतला तरी अळ्या मरतात. आंतरराष्ट्रीय व्यापारातील लाकडासाठी गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे टिकवण्याचा नियम आहे, तोच आपणही पाळावा. पाणी उकळू लागल्यापासून जाड तुकड्याला त्याहून अधिक वेळ द्यावा.

संक्रांतीच्या वाणासाठी एकसारख्या पन्नास वस्तू करता येतील का?

येतील, पण तयारी दिवाळीच्या आधीच सुरू करावी. सोलापुरात संक्रांतीचे दिवस सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचेही असल्यामुळे शेवटच्या आठवड्यात कोणाच्याच हाताला सवड नसते. वाणासाठी मिठाचे छोटे चमचे, धाग्याच्या फिरक्या किंवा झाकण नसलेले कुंकवाचे करंडे निवडावेत. पत्र्याचा एक साचा कापून त्यावरून सर्व तुकडे आखावेत, आणि एक वस्तू पूर्ण करून दुसरी हाती घेण्याऐवजी पन्नासांचे कोरणे, मग पन्नासांचे कापणे, असे टप्प्याटप्प्याने जावे. लाकडे वेगवेगळी असली तर रंग वेगळे येतील. ते तसेच राहू द्यावेत. त्यांना एकच रंग फासून सारखे करण्याला माझा ठाम विरोध आहे.

लाकडी वस्तू धुवाव्यात कशा?

वापरल्यावर लगेच धुऊन, पुसून, सावलीत उभ्या ठेवाव्यात. रात्रभर भांड्यांत भिजत ठेवू नयेत. रंग फिका पडला की पुन्हा तेलाचा एक हात द्यावा.

अगदीच लहान तुकडे आणि भुसा यांचे काय करावे?

बोटाएवढ्या सरळ तुकड्यांच्या गोल खुंट्या करून त्या सांध्यांत वापराव्यात, आणि पातळ चकत्यांना दोन भोके पाडली की झब्ब्याची बटणे होतात. हाताने कापलेल्या शुद्ध लाकडाचा भुसा शेणखतात थोडा थोडा मिसळून कुजवता येतो. तो ताजा असतानाच कुंडीत टाकला तर कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळे पडते. प्लायवुड आणि एमडीएफ यांचा भुसा मात्र वेगळा ठेवावा. त्यात फॉर्मल्डिहाइडचे गोंद असतात, म्हणून तो खतातही घालू नये आणि चुलीतही जाळू नये.